डाव्या साच्याची पिन

शामराव : चाक नीट धर. हलतंय.

कौसल्या : धरलंय, अप्पा. तुम्हीच हलताय.

शामराव : मी हलतोय म्हणे. अख्ख्या साचाखात्यात मागामागाला फिरायचो तेलाचा डबा घेऊन, कापडावर कधी एक थेंब पडला नाय. विचार कोणालाही.

कौसल्या : कोणाला विचारू? गिरणीला कुलूप आहे.

शामराव : झालं सुरू. रविवारी तरी शाळा बंद ठेव, मास्तरीणबाई. ती पक्कड दे. ती नाय, लांब तोंडाची.

कौसल्या : घ्या. पण काढताय काय नक्की?

शामराव : पिना. हे बघ, हे ब्रेकचं रबर. ते ह्या पत्र्याच्या घरात बसतं, आणि निसटू नये म्हणून ही आडवी पिन. पुढच्या चाकाला दोन, मागच्याला दोन. रबर पार वाळून गेलंय, बदलायला पायजे. पण पिन निघाली तर रबर निघणार. गंजून घराशी एकजीव झाल्यात सगळ्या.

कौसल्या : तेलवाल्याच्या सायकलला गंज. दाराच्या बिजागरीला तेल, शिवणाच्या मशीनला तेल, खालच्या कमलाबाईंच्या पाळण्याला तेल. आणि हिला संपाच्या वर्षापासून थेंबभर नाही.

शामराव : हिला नाय घातलं.

कौसल्या : का पण?

शामराव : नाय घातलं. रॉकेल सोड थोडं. एकदम नको, थेंब थेंब. आत शिरायला वेळ द्यायचा त्याला. पिन हलली नाय की लोक हातोडा घेतात. मग तिचं डोकं फुलतं आणि जन्मात निघत नाय. आधी पकडीत धरून गोल फिरवायची. जरा फिरली की मग मागून हलके हलके ठोकायचं.

कौसल्या : वडाळ्याच्या मिठाने खाल्लं असेल लोखंड. वर्षभर हिच्यावरून मिठागरावर जात होतात.

शामराव : हं.

कौसल्या : काय हं?

शामराव : हं म्हणजे हं. फिरली बघ. आता आली. ठेव ती वाटीत, हरवू नकोस.

कौसल्या : आणि सायकल दुरुस्त करून करायचं काय? तुमच्या गुडघ्यांना आता ही घेऊन जिना झेपत नाही.

शामराव : द्यायचीय एकाला.

कौसल्या : कोणाला?

शामराव : सांगतो. आधी ही दुसरी येऊ दे. हां. आणि ही तिसरी. बघ, रॉकेलने कशी वळणावर आली. माणसं पण अशी आली असती तर काय पायजे होतं.

कौसल्या : आता ही चौथी राहिली. मागच्या चाकाची.

शामराव : ती राहू दे. ती माझ्या हाताने निघायची नाय. ज्याने बसवली तो काढेल.

कौसल्या : कोणी बसवली? नाक्यावरच्या रामजीने?

शामराव : रामजीच्या बापाला जमायची नाय ती. उद्या संध्याकाळी येणाराय तो माणूस. तुझी शाळा सुटल्यावर. चहा टाक त्याला. आणि तोंड वाकडं करायचं नाय.

कौसल्या : मी कशाला तोंड वाकडं करीन?

शामराव : करशील. तुझ्या आईसारखं, एका बाजूने.

कौसल्या : अप्पा, कोण येणार आहे?

शामराव : उद्या. सगळं उद्या. ती पिन एकदा निघू दे, मग बसून बोलू. मला जरा बोलायचंच आहे तुझ्याशी. तोवर रॉकेलचं फडकं गुंडाळून ठेव तिला. आणि हात साबणाने धू, नायतर तुझ्या वह्यांना वास लागेल.

कौसल्या : वह्यांना तुमच्या मसाल्याच्या डंकीचा वास आधीच लागलाय. मुलं म्हणतात, बाईंनी पेपर तपासले की मिरचीने शिंका येतात.

शामराव : बरंय की. लालबागचा मसाला फुकटात हुंगायला मिळतोय दादरच्या पोरांना. जेवायला काय आहे?

कौसल्या : बोंबील.

शामराव : ओले?

कौसल्या : सुके.

शामराव : चालेल. कांदा जास्त घाल.

(ती सोमवारची संध्याकाळ शामरावांना लाभली नाही. पहाटे डंकीवर जायला निघाले, जिन्यात दम लागला म्हणून टेकले, ते टेकलेच. तेरावं उरकलं, गावचे पाहुणे परतले, भिंतीवर हार घातलेला फोटो लागला. मग एका दुपारी समोरच्या चाळीतला दत्ताराम हत्यारांची पिशवी घेऊन कौसल्येच्या दाराशी येऊन उभा राहिला. संपाच्या वर्षापासून त्या दोन घरांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नव्हता.)

दत्ताराम : येऊ काय गो आत?

कौसल्या : काय काम होतं?

दत्ताराम : सायकलचं. शामने सांगितलेलं, सोमवारी ये, एक पिन अडकलीय. तो सोमवार तसा गेला. आज आलो.

कौसल्या : अप्पांनी तुम्हाला सांगितलं?

दत्ताराम : होय.

कौसल्या : अप्पा तुमच्याशी बोलत नव्हते.

दत्ताराम : चाळीच्या आवारात नव्हता बोलत.

कौसल्या : या आत. चहा टाकते. त्यांनी सांगून ठेवलंय, जो येईल त्याला चहा टाक म्हणून. कोण येईल ते नव्हतं सांगितलं.

दत्ताराम : आणखी काय म्हणाला?

कौसल्या : तोंड वाकडं करू नकोस म्हणाले.

दत्ताराम : मग जरा कमी कर, बाय.

कौसल्या : साखर किती?

दत्ताराम : नको साखर. डायबिटीस धरलाय. सायकल खंय ती?

कौसल्या : गॅलरीत. तीन पिना त्यांनी काढल्या, वाटीत आहेत. चौथीला फडकं बांधलंय. मी रोज रॉकेल टाकते त्याच्यावर.

दत्ताराम : रोज?

कौसल्या : त्यांनी थेंब थेंब टाक म्हणून सांगितलं होतं. बंद कर म्हणून सांगायला कोणी नव्हतं.

दत्ताराम : हं. चाक धर. असं नको, गुडघ्यात दाब. आणि हा लाकडाचा तुकडा ह्या अंगाला लावून धर, नायतर पत्र्याचं घर वाकेल.

कौसल्या : त्या अंगाला? अप्पांनी तिन्ही पिना ह्या बाजूने ठोकल्या.

दत्ताराम : त्या तीन कंपनीच्या. ही पलीकडून ठोकायची. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते ही. बारीक बाजूने ठोकलं तर येते. जाड बाजूने हाणलं तर आणखी रुतते.

कौसल्या : बारीक बाजू कुठली ते तुम्हाला कसं कळलं?

दत्ताराम : दिसतं ना.

कौसल्या : फडकं बांधलं तेव्हा मला तर दोन्हीकडून गंजच दिसला.

दत्ताराम : अगो, जन्म गेला फिटर म्हणून. हाताला कळतं.

कौसल्या : फडकंसुद्धा सोडलं नाही तुम्ही अजून. हात लावलाच नाही.

दत्ताराम : चहा उतू जाईल तुझा.

कौसल्या : गॅस बंद करून आलेय. काका, अप्पा म्हणाले होते, ज्याने बसवली तो काढेल. तुम्ही बसवलीत ही?

दत्ताराम : होय. मीच.

कौसल्या : कधी?

दत्ताराम : झाली की वर्षं. संपाच्या आधी कधीतरी.

कौसल्या : संपाआधी ही सायकल आमच्याकडे नव्हती. संपात श्रावण सरला आणि अप्पा मिठागरावर जायला लागले, तेव्हा माटुंग्याहून जुनी घेऊन आले. त्याच्या आधी, आषाढात, मी तुमच्या दारात ताट घेऊन आले होते. त्या दिवसापासून तुम्ही दोघं एकमेकांसमोर आलात तर एकजण वाट बदलायचा. मी बघितलंय ते. मग पिन कधी बसवलीत?

दत्ताराम : फडकं सोड गो तू. हात भरलेत माझे.

कौसल्या : कुठे बसवलीत?

दत्ताराम : आत.

कौसल्या : आत म्हणजे?

दत्ताराम : गिरणीत. साचाखात्यात. डाव्या साच्याची पिन आहे ही. उजवा साचा आणि डावा साचा एकमेकांच्या उलटे, म्हणून डाव्याची पिन आम्ही उलट्या अंगाने मारतो. सवय. सायकलला पण तशीच मारली. शाम तेव्हा हसला होता. म्हणाला, बाहेरच्या मिस्त्रीला आता ही सात जन्म निघायची नाय.

कौसल्या : अप्पा गिरणीत काय करत होते?

दत्ताराम : काय करणार? तेल घालत होता.

कौसल्या : संप चालू असताना.

दत्ताराम : होय.

कौसल्या : तुम्ही गेटमधून जायचात. दोन्ही बाजूंना पोलीस, आणि समोर आमच्या चाळीतली माणसं ओरडायला उभी. त्यांच्यात अप्पा असायचे.

दत्ताराम : गणपतीपर्यंत असायचा. मग वडाळ्याला जायला लागला. तिथून कंपनीची ताडपत्री बांधलेली गाडी निघायची, ज्यांना तोंड दाखवायचं नव्हतं त्यांच्यासाठी. सायकल पण गाडीतच टाकायचा. दिवसभर माझ्या साच्याला टेकून उभी असायची ती.

कौसल्या : मिठागर.

दत्ताराम : ह्या सायकलने मीठ बघितलंच नाय, बाय.

कौसल्या : त्यांच्या केसांत कापूस असायचा. मी एकदा काढला होता. म्हणाले, मिठागराच्या बाजूला गादीवाल्याचं गोडाऊन आहे. मी तेव्हा बीएला होते, काका. जाड जाड पुस्तकं वाचत होते. मला ते पटलं.

दत्ताराम : आपल्या माणसाचं पटतंच.

कौसल्या : दुपारचं जेवण सोडलं होतं त्यांनी. मिठावर काम केलं की अन्न गोड लागत नाही म्हणाले. आई रात्री त्यांच्या ताटात आपली भाकरी सरकवायची.

दत्ताराम : सांगू तुला? राग नको धरू.

कौसल्या : सांगा.

दत्ताराम : दुपारचं तो माझ्या डब्यातलं खायचा. रखमा दोन माणसांचं द्यायला लागली. तिला मी काही बोललो नव्हतो. डबा चाटूनपुसून यायला लागला, त्यावरून तिने ओळखलं. एकदा बांगड्याचं तिखलं दिलं आणि म्हणाली, व्याह्यांना काटे जपून खायला सांगा.

कौसल्या : व्याही म्हणाल्या त्या?

दत्ताराम : शेवटपर्यंत तेच म्हणायची.

कौसल्या : त्या गेल्या तेव्हा अप्पांनी मला मयताच्या दिवशी घरातून बाहेर पडू दिलं नाही. फुटीराच्या घरी जायचं नाही म्हणाले. दार लावून घेतलं आणि दाराशी पाट टाकून बसले. मला वाटलं, किती कडक माणूस आहे.

दत्ताराम : दाराशी बसून रडत होता तो. दुसऱ्या दिवशी डंकीवर जाऊन भेटलो मी त्याला. डोळे सुजलेले. मालकाला म्हणाला, मिरची गेली.

कौसल्या : ते ताट आठवतं तुम्हाला?

दत्ताराम : नको काढू ते.

कौसल्या : खण, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या. फुटीराला आहेर. ताट रखमाकाकूंच्या हातात द्यायचं, म्हणजे नवऱ्याने भरायच्या बांगड्या त्यांनी बघायच्या. मंडळाच्या बायका तयार होत्या न्यायला. अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, माझी मुलगी नेईल. ज्या घरात ती द्यायची ठरलीय त्याच घरात नेईल. टाळ्या पडल्या होत्या. साखरपुड्यात दिलेली साडी नेसायला सांगितली त्यांनी मला.

दत्ताराम : त्याला तरी दुसरं काय करता येत होतं? व्याही फुटला म्हणून सगळे त्याच्याकडेच बघत होते. संपाच्या कमिटीवरचा माणूस.

कौसल्या : तुम्ही त्यांची बाजू घेताय.

दत्ताराम : सवय गो. रखमाने त्या बांगड्या भरल्या होत्या हातात, माहीत आहे? म्हणाली, सुनेकडून आलेला आहेर, परत कोण करतो. टिकल्या पण पुष्कळ दिवस. चांगली काच होती.

कौसल्या : आणि तुमचा राजाराम?

दत्ताराम : त्याचं काय?

कौसल्या : त्याला माहीत होतं? अप्पा आत आहेत ते?

दत्ताराम : नाय. कोणालाच नाय. शामने मला साच्यावर हात ठेवून शपथ घातली होती. म्हणाला, दत्तू, कौसाला कळता कामा नये. तिच्या हातात मी ताट दिलं. आता मी पण आत आहे म्हटल्यावर कुठल्या तोंडाने घरात जाऊ.

कौसल्या : म्हणून लग्न मोडलेलंच राहिलं.

दत्ताराम : ते जोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी दोन-तीनदा विषय काढला. तो म्हणायचा, संप मिटू दे. संप काय मिटला नाय. राजारामला मग गावची मुलगी आली सांगून.

कौसल्या : दुपारच्या सुट्टीत तुम्ही दोघं एका डब्यात जेवायचात. आणि जेवता जेवता हे ठरवायचात.

दत्ताराम : ठरवत नव्हतो गो. गप्प बसायचो.

कौसल्या : तुमचा मुलगा होता तो. तुम्हाला एका वाक्याचं काम होतं.

दत्ताराम : होय. शपथ होती, हे खरं. पण दुसरं पण खरं आहे. सगळी चाळ माझ्या नावाने थुंकत होती, आणि एकटा शाम होता जो माझ्याशी आत बसून बोलायचा. मी बोललो असतो तर तोही गेला असता. मला तेवढं माणूस राखायचं होतं.

कौसल्या : आणि बाहेर तुम्ही एकट्याने शिव्या खाल्ल्या. त्यांच्याही वाट्याच्या.

दत्ताराम : माझी कातडी जाड. आणि त्याने केलं ते तुझ्यासाठी केलं, हे विसरू नको. तुझी परीक्षा होती, घरात...

कौसल्या : हे नको.

दत्ताराम : खरं तेच...

कौसल्या : माझ्या नावावर घालू नका, काका. मी मागितलं नव्हतं. माझ्या परीक्षेसाठी गिरणीत गेले म्हणता, मग मला सांगून का गेले नाहीत? मी म्हटलं असतं, जा. मी म्हटलं असतं, जाताना राजारामकडे निरोप द्या. लोक काय, दोन वर्षं ओरडले असते. ओरडणारे आज आहेत कुठे? अर्धे गावी गेले, अर्धे पोटासाठी पहारे करतात. मी आहे इथे. ह्या खोलीत.

दत्ताराम : सांगणार होता तो. त्यासाठीच बोलावलेलं मला. म्हणाला, तू समोर बसून पिन काढ, तिचं लक्ष चाकाकडे राहील. मी बोलेन. एकट्याने तिच्या डोळ्यांत बघून मला जमायचं नाय.

कौसल्या : इतकी वर्षं थांबले. आणखी एक दिवस थांबले नाहीत.

दत्ताराम : लाकूड सुटलं तुझ्या हातातून.

कौसल्या : हं. धरलं.

दत्ताराम : डोळे मिट, गंज उडतो. हां. हलली. आणखी एक. आली बघ. हात पुढे कर.

कौसल्या : गरम आहे.

दत्ताराम : ठोकल्याने होते. बघ, गंजाखाली कशी सरळ आहे. आमच्या खात्याचं लोखंड.

कौसल्या : ठेवा तुमच्याकडे. मला नको.

दत्ताराम : बरं. रबरं आणलीत मी नवी. बसवून देतो चारी.

कौसल्या : सायकल कोणाला द्यायची होती त्यांना?

दत्ताराम : ते नंतर बोलू.

कौसल्या : आता बोला. नंतरचं ह्या घरात काही खरं नसतं.

दत्ताराम : राजारामच्या मुलीला. डोंबिवलीला असतात सगळी. सायकल शिकायचीय म्हणते. शाम म्हणाला, माझ्याकडे पडून आहे, तिला दे.

कौसल्या : ह्या सायकलवर पाय पुरतील तिचे?

दत्ताराम : उंच आहे. बापावर गेलीय.

कौसल्या : घेऊन जा. ब्रेक लागतोय ना ते आधी उतारावर बघा. पिना ह्या वेळी सगळ्या एकाच बाजूने घाला, कोणालाही काढता येतील अशा. आणि तेल घाला.

दत्ताराम : असं शाळेत सांगितल्यासारखं नको गो बोलू. दे ना शिव्या. मला दे, त्या फोटोला दे. त्या दिवशी पण तू दारात ताट धरून अशीच गप्प उभी होतीस. राजाराम अजून म्हणतो, ती एक शब्द बोलली असती तर मी थांबलो असतो.

कौसल्या : असं म्हणतो तो?

दत्ताराम : एकदाच म्हणाला होता. काय बोलायचं होतं तुला तेव्हा?

कौसल्या : तुम्हाला नव्हतं बोलायचं, काका. त्यालाही नाही. जरा बाजूला व्हा, फोटो झाकला जातोय. अप्पा, मला त्या घरी ताट घेऊन जायचं नव्हतं. मला तिथे नांदायला जायचं होतं.